स्वतःचं कॉमिक, स्वतःचं टेबल: पहिल्यांदा स्टॉल लावणाऱ्यांसाठी

स्वतः लिहिलेलं, स्वतः चितारलेलं आणि पदरचे पैसे घालून छापलेलं कॉमिक घेऊन पुस्तकांच्या दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "वितरक कोण?" बहुतेक नव्या कॉमिककारांकडे याचं उत्तर नसतं. शिवाय दुकानाचं कमिशन वजा केलं की छपाईचा खर्चसुद्धा मुश्किलीने निघतो. म्हणून मुंबई-पुण्यात आज जे कुणी स्वतंत्रपणे कॉमिक काढतात, त्यांतल्या बऱ्याच जणांची वाचकाशी पहिली गाठ पडते ती एखाद्या महोत्सवातल्या किंवा बाजारातल्या टेबलापाशी. हा लेख त्या टेबलाची तयारी करणाऱ्यांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. टेबलापाशी आलेल्या माणसाला तुमचं नाव माहीत नसतं, गोष्ट माहीत नसते, पात्रं माहीत नसतात. त्याच्या हातात कॉमिक उघडलं गेलं आणि त्याने दोन पृष्ठं वाचली, तरच काही घडण्याची शक्यता असते. छपाई, किंमत, मांडणी, बोलणं यांतलं काहीही ठरवताना स्वतःला एवढंच विचारा: यामुळे अनोळखी माणूस कॉमिक उघडेल का?

जागा निवडणं

टेबल मिळतंय म्हणून कुठेही जाऊ नका. आधी तिथे कोण येतं ते बघा.

इंडी कॉमिक्स फेस्ट आणि बॉम्बे झीन फेस्टसारखी संमेलनं (झीन म्हणजे स्वतः काढलेली, थोड्या प्रतींची पुस्तिका) आपल्यासारख्यांसाठीच असतात. येणारा माणूस हाताने केलेलं, कमी प्रतींचं काहीतरी शोधतच आलेला असतो. गर्दी लहान असते, पण ती वाचणाऱ्यांची असते. पहिलं टेबल इथेच लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारच्या टेबलांवरही तुमच्यासारखीच माणसं असतात, आणि कागद कुठून आणला, छापलं कुठे, इथपासून सगळं ती मोकळेपणाने सांगतात.

कॉमिक कॉन हा वेगळा मामला आहे. २०११ साली दिल्लीच्या दिल्ली हाटमध्ये सुरू झालेला हा मेळा आता मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत भरतो. गर्दी प्रचंड असते, पण त्यातले खूप जण वेशभूषा करायला, फोटो काढायला, टीशर्ट आणि खेळणी घ्यायला आलेले असतात. तिथल्या आवाजात शांतपणे दोन पृष्ठं वाचणं अवघड जातं. दोन-तीन कॉमिक हाताशी असतील आणि एक-दोन लहान संमेलनांचा सराव झाला असेल, तर जरूर जा. पहिल्याच कॉमिकसाठी तेवढं भाडं भरणं मला जोखमीचं वाटतं.

मराठीत काम करत असाल तर पुस्तक प्रदर्शनांकडे दुर्लक्ष करू नका. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं ग्रंथप्रदर्शन, डिसेंबरात फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर भरणारा पुणे पुस्तक महोत्सव, दिवाळीच्या सुमारास गावोगावी लागणारी दिवाळी अंकांची प्रदर्शनं, या ठिकाणी मराठी वाचायला आसुसलेला माणूस येतो. पण हे स्टॉल बहुधा प्रकाशकांच्या मापाने आखलेले असतात, एकट्याला न परवडणारे. ओळखीच्या छोट्या प्रकाशकाला विचारून त्याच्या स्टॉलचा एक कोपरा मागावा. मुंबईत १९९९ पासून चालणाऱ्या काळा घोडा महोत्सवात कलाकुसरीचे स्टॉल असतात. गोव्यात पणजीचा सेरेंडिपिटी महोत्सव आणि हणजुणेचा बुधवारचा बाजार आहे, पण तिथल्या गिऱ्हाइकात परप्रांतीय आणि परदेशी पाहुणे खूप. शब्दांवाचून चालणारी किंवा इंग्रजी कॉमिक असतील तरच त्या वाटेला जा.

ज्या संमेलनाला टेबल घ्यायचं आहे, तिथे शक्य असेल तर एकदा नुसते प्रेक्षक म्हणून जाऊन या. लोक कुठे थांबतात, कुठल्या टेबलापाशी हात पुढे होतो, किती किमतीची पुस्तकं उचलली जातात, हे दोन तास उभं राहून बघितलं तर खूप काही कळतं.

अर्ज बहुधा काही महिने आधी मागवतात, आणि अनेक ठिकाणी निवड होते. कामाची चार-पाच स्वच्छ पृष्ठं, मुखपृष्ठ आणि तीन ओळींची माहिती तयार ठेवा. पैसे भरण्याआधी विचारून घ्या: टेबल किती फुटांचं, खुर्च्या किती, वर छत आहे का, विजेचा पॉइंट मिळेल का, सकाळी किती वाजता आत सोडणार, आणि कार्यक्रम रद्द झाला तर पैसे परत मिळणार का.

छापणं

इथे जरा जास्त वेळ घालवू, कारण टेबलावर बसल्यावर दुरुस्त न होणारी हीच एक गोष्ट आहे.

पहिल्या कॉमिकसाठी ए५ आकार घ्या, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. ए४ कागद मधोमध दुमडला की हा आकार होतो, त्यामुळे कुठल्याही डिजिटल प्रेसमध्ये छापून मिळतो, कागद वाया जात नाही आणि एका हातात उघडून वाचता येतो. बांधणीला सेंटर पिन, म्हणजे मधल्या दुमडीवर मारलेली पिन, पुरते. पृष्ठसंख्या मात्र चारच्या पटीत हवी: १६, २०, २४, २८. गोष्ट २२ पृष्ठांत संपत असेल तर उरलेल्या दोनांचं काय करायचं ते आत्ताच ठरवा. एकावर तुमची ओळख आणि संपर्क, दुसऱ्यावर पुढच्या गोष्टीची झलक, असं करता येतं.

आतल्या पानांना १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) मॅपलिथो हा साधा छपाईचा कागद चांगला. तो चकाकत नाही, प्रदर्शनाच्या दिव्यांखाली डोळ्यांवर तिरीप येत नाही, आणि मागच्या बाजूची शाई फारशी झिरपून दिसत नाही. रंगीत काम असेल तर १३० जीएसएमचा मॅट आर्ट पेपर घ्या. कव्हर २५० ते ३०० जीएसएमच्या आर्ट कार्डचं, वर मॅट लॅमिनेशन. दिवसभर पन्नास हात लागणार असतात, लॅमिनेशन नसेल तर संध्याकाळपर्यंत कव्हरवर बोटांचे डाग दिसायला लागतात. कव्हरला दुमडीच्या जागी क्रीझिंग करायला, म्हणजे आधी दाबून खाच पाडायला सांगा, नाहीतर पाठीवर लॅमिनेशनला तडे जातात.

फाइल देताना चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कटिंगमध्ये जाणारा चित्राचा जादा भाग, ठेवा. संवादाचे फुगे आणि पृष्ठक्रमांक कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत घ्या. सेंटर पिनच्या पुस्तकात आतले कागद दुमडीच्या जाडीमुळे थोडे बाहेर सरकतात आणि कटिंगला त्यांचीच कड जास्त जाते, त्यामुळे मधल्या पृष्ठांवरचे कडेचे आकडे आधी कापले जातात. रंगीत पृष्ठं ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) आणि नुसतं काळ्या रेषेचं काम ६०० डीपीआयला द्या. रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांमध्ये, बदलून स्वतः बघा. पडद्यावरचा झगझगीत निळा, जांभळा, पोपटी हे रंग कागदावर हमखास मंद होतात. अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. चारही शाया मिसळून काढलेलं काळं अक्षर किंचित जरी हललं, तर त्याला रंगीत कड दिसते आणि बारीक मात्रा वाचता येत नाहीत.

मराठी कॉमिकचा एक खास घोळ लक्षात ठेवायला हवा. चित्रं काढायच्या काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट बसत नाही. जोडाक्षरं सुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाते. फाइल तुमच्याकडे बरोबर दिसते आणि प्रेसच्या संगणकावर तोच फॉन्ट नसल्यामुळे "क्ष"चे तुकडे होतात. म्हणून छपाईची अंतिम पीडीएफ करण्यापूर्वी सगळा मजकूर आउटलाइनमध्ये, म्हणजे फॉन्टवर न अवलंबणाऱ्या आकारांत, बदला. फॉन्ट हवा असेल तर मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे बलू आणि मुक्त हे दोन्ही फॉन्ट विनामूल्य मिळतात आणि छापील विक्रीसाठीही वापरता येतात. बलूचं गोलाईदार वळण फुग्यांत छान बसतं. ओळींमधलं अंतर रोमन लिपीपेक्षा जास्त ठेवा, कारण वर मात्रा आणि रफार, खाली उकार, दोन्हींना जागा लागते. शक्य असेल तर हाताने लिहा. सुबक हस्ताक्षरातलं मराठी कॉमिक बघून माणसं थबकतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

शुद्धलेखन दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्याच. मराठी वाचक टेबलापाशी उभ्या उभ्या ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवतो, आणि तो त्याचा हक्क आहे.

प्रती किती? पहिल्या खेपेला १०० पुरेत. डिजिटल छपाईत शंभराची पुन्हा ऑर्डर देता येते. ऑफसेटवर प्रत स्वस्त पडते हे खरं, पण त्यासाठी हजाराच्या घरात छापावं लागतं आणि मग पलंगाखाली गठ्ठे राहतात. सगळ्या प्रती छापण्याआधी एक डमी मागा, कटिंग-बाइंडिंगसकट. त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर द्या. ती डमी कॉमिक कधीही न वाचणाऱ्या एखाद्याच्या हातात द्या आणि तो कुठे अडकतो ते गप्प बसून बघा. टेबलावर माणूस पहिली तीन-चार पृष्ठंच चाळतो. तुमचं सगळ्यात जोरकस चित्र अठराव्या पृष्ठावर असेल आणि पहिली चार पृष्ठं निवेदनाच्या चौकटींनी भरली असतील, तर मांडणी बदलायला अजून वेळ आहे.

वजनाचाही अंदाज घ्या. २४ पृष्ठं म्हणजे ए४चे सहा कागद, १०० जीएसएमच्या हिशोबाने सुमारे ३७ ग्रॅम. २५० जीएसएमचं कव्हर धरून एक प्रत ५३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शंभर प्रती साडेपाच किलोच्या आत. पाठीवरच्या सॅकमध्ये लोकलने नेता येतं. दोन कॉमिक, स्टँड आणि टेबलक्लॉथ जमेला धरलं की मात्र सोबतीला कुणीतरी हवं.

किंमत आणि टेबलाचा हिशोब

छपाईला एक प्रत जेवढ्याला पडली त्याच्या तिपटीच्या आसपास किंमत ठेवा आणि ती १००, १५०, २०० अशा सरळ आकड्यावर आणा. १३५ रुपये लावलेत की दिवसभर पाच-पाच रुपयांची नाणी शोधत बसाल.

एक उदाहरण घेऊ. प्रत ४५ रुपयांना पडली, किंमत १५० ठेवली, म्हणजे प्रतीमागे १०५ रुपये सुटले. टेबलाचं भाडं ३,०००, जाण्यायेण्याचे ८००, चहापाण्याचे ४००, एकूण ४,२००. हे भरून निघायला ४० प्रती खपायला हव्यात. तेच टेबल मित्राबरोबर अर्धं-अर्धं घेतलं तर तुमचा खर्च २,७०० वर येतो आणि २६ प्रतींत तो वसूल होतो. पहिल्यांदा टेबल वाटूनच घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते. पैशांपेक्षा मोठी सोय म्हणजे एक जण उठला तर टेबल रिकामं राहत नाही. फक्त शेअर करणाऱ्याचं काम तुमच्यापेक्षा निराळं असावं. दोघांचीही भयकथा असेल तर वाचणारा एकच उचलतो.

या हिशोबात तुमच्या मेहनतीचे पैसे नाहीत. पहिल्या कॉमिकला ते निघत नाहीत, हे माहीत असूनच उतरा. पण म्हणून किंमत पाडू नका. कमी किंमत लावली की शेजारच्या टेबलावरच्याही कामाचं मोल उतरतं.

सूट द्यायची तर आधीच ठरवून पाटीवर लिहा: एक १५०ला, दोन २५०ला. मग कुणी "अहो, काहीतरी कमी करा ना" म्हणालं की हसून पाटीकडे बोट दाखवता येतं. प्रत्येकाशी वेगळा भाव केलात तर रांगेतला मागचा माणूस ते ऐकतो.

कॉमिकसोबत स्वस्तातली एक-दोन वस्तू ठेवा. त्याच पात्रांची २०-३० रुपयांची पोस्टकार्डं उत्तम. शाळकरी पोरांकडे दीडशे रुपये नसतात, पण कार्ड घेऊन गेलेलं पोर थोड्या वेळाने आईला हाताला धरून घेऊन येतं. स्टिकर, बिल्ले, मॅग्नेट यांनी टेबल भरून टाकू नका. ते जरूर विकले जातात, पण कॉमिक त्यांच्याआड लपतं.

मांडणी

टेबल बहुधा सहा फूट बाय दोन फूट असतं, तुमच्या वाट्याला अर्धं. त्यावर सगळं आडवं अंथरलं तर चार फुटांवरून चालणाऱ्याला नुसते चौकोन दिसतात. कव्हर उभं दिसलं पाहिजे, आणि छातीच्या उंचीला. त्यासाठी महागडे स्टँड नकोत. ताटं उभी ठेवायचा स्टीलचा रॅक किंवा फोटोफ्रेमचे लाकडी पाय पुरतात. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत आणि मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटच्या परिसरात असलं सामान, पॅकिंगच्या पिशव्या, टेप, दोरा सगळं एका फेरीत मिळतं.

जमिनीपर्यंत पोचणारा एकरंगी गडद कापडाचा तुकडा टेबलावर घाला. नक्षीच्या चादरीवर रंगीत कव्हर हरवतं. कापड खालपर्यंत असलं की जादा प्रती, डबा, बॅग टेबलाखाली झाकून ठेवता येतात.

प्रत्येक कॉमिकची एक प्रत "वाचून बघा" असं लिहून सगळ्यात पुढे, उघडलेली ठेवा. नव्या माणसांना हे जिवावर येतं, प्रत खराब होईल म्हणून. होऊ द्या. त्या एका प्रतीवर बाकीच्या सगळ्या खपतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद कॉमिक मांडणाऱ्यांना मी नेहमी विनंती करते की निदान एक तरी उघडी ठेवा. लोक पिशवी फाडायला संकोचतात आणि पुढे जातात.

पाट्या मोठ्या करा. किंमत दोन हातांवरून वाचता यावी. आणि मराठीत काम असेल तर "मराठी कॉमिक" हे शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहा. मुंबईतल्या अशा संमेलनांत नजर जाईल तिकडे इंग्रजी पाट्या असतात. त्यात देवनागरी अक्षरं दिसली की मराठी माणूस पाच टेबलं ओलांडून येतो. त्यात आपल्या मुलाने मराठी वाचावं म्हणून तळमळणारे आईबाप फार असतात. त्यांना ओरडून बोलवावं लागत नाही, पाटी दिसली की पुरे.

उघड्या मैदानात वारा असतो. बायंडर क्लिप, रबर आणि दोन जड वस्तू हाताशी ठेवा. पावसाळ्यात स्टॉल टाळलेला बरा, दमट हवेत कागद लाटांसारखा उठतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम.

बोलणं

सगळ्यात जास्त भीती याचीच असते. घरी एकटं बसून चित्रं काढणाऱ्या माणसाला दिवसभर अनोळखी लोकांशी बोलायचंय. पण इथे बडबड करायची नसते.

चित्र दाखवून गोष्ट सांगण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एका कथेची चित्रं एकेक करून प्रेक्षकांपुढे धरतात आणि वाद्याच्या साथीने कथा गातात. त्या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांची कला वेगळी आणि आपलं काम वेगळं, पण टेबलापाशी उभं राहणाऱ्याने त्या रीतीतून एक गोष्ट जरूर घ्यावी: चित्र समोरच्याच्या डोळ्यांपुढे असताना त्या चित्रापुरतंच बोलायचं. पुढचं चित्र आल्यावर पुढचं.

म्हणजे असं करा. माणूस जवळ आला की नजर मिळवा, "नमस्कार, उघडून बघा ना" एवढंच म्हणा. तो कॉमिक उचलून वाचायला लागला की थांबा. वाचणाऱ्याच्या कानाशी बोलत राहिलं की त्याचं वाचन तुटतं आणि तो सभ्यपणे पुस्तक खाली ठेवतो. त्याने मान वर केली की मग एक वाक्य. हे वाक्य घरूनच तयार करून या. त्यात कोण, कुठे आणि काय अडचण, तिन्ही हवं. "मालवणातली एक म्हातारी रोज रात्री समुद्राशी भांडते, आणि एक दिवस समुद्र उत्तर देतो." एवढं ऐकून "मग?" असं विचारणारा माणूस तुमचा वाचक. "ही मानवी नात्यांची तरल कथा आहे," असं म्हणालात तर त्याला विचारायला काही उरत नाही.

काही प्रश्न हमखास येतात. "लहान मुलांसाठी आहे का?" हा पहिला. उत्तर खरं द्या, वयासकट: "दहा वर्षांच्या पुढे चालेल," किंवा "नाही काकू, हे मोठ्यांसाठी आहे, यात मृत्यूचा विषय आहे." खोटं सांगून विकलेलं पुस्तक घरी गेल्यावर तुमच्याविरुद्ध बोलतं. फक्त मोठ्यांसाठीचं काम पुढे मांडू नका, वेगळं ठेवा आणि मागितल्यावर द्या.

साठीच्या पुढचे काका थांबले की बहुतेक वेळा म्हणतात, "आम्ही लहानपणी वेताळ वाचायचो." वेताळ म्हणजे फँटम. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सचा हा मराठी वाचक आहे. त्याच्या हातात भाड्याने आणलेलं कॉमिक घामेजलेलं असायचं. त्याला पाच मिनिटं द्या, ऐका. हा माणूस चित्रकथा वाचायला शिकलेला आहे, चौकटींचा क्रम त्याला समजावावा लागत नाही, आणि नातवासाठी म्हणून घेतो ते स्वतः वाचतो.

"मीही चित्रं काढतो" म्हणणारी मुलं येतील, वही दाखवतील. बघा. त्यांनी काही विकत घेतलं नाही तरी चालेल. पुढच्या काही वर्षांत शेजारचं टेबल त्यांचं असेल.

सही मागितली तर नाव विचारून, नीट वाचून घेऊन लिहा आणि एक छोटं चित्र काढा, मिनिटभराचं. फर्माईशीची चित्रं पैसे घेऊन काढायची असतील तर दिवसाला किती काढणार ते ठरवा आणि पैसे आधी घ्या. मान खाली घालून चित्र काढत बसलात की समोरची चार माणसं न बोलता निघून जातात.

बसून राहू नका, मोबाइलमध्ये डोकं घालू नका. उभं राहून समोर बघणाऱ्या माणसापाशी लोक थांबतात. पाय दुखतात, म्हणून बूट चांगले घाला.

पैसे आणि कायदा, थोडक्यात

यूपीआयचा क्यूआर दोन बाजूंना लावा, शक्य असेल तर दोन वेगळ्या बँकांचे. गर्दीच्या सभागृहात नेटवर्क बंद पडतं. गिऱ्हाइकाच्या पडद्यावरची हिरवी खूण बघून समाधान मानू नका, तुमच्या फोनवर पैसे आल्याचा संदेश बघा किंवा साउंडबॉक्स वापरा. सुट्ट्यासाठी ५० आणि १००च्या नोटा आदल्या दिवशी जमवा.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. पोस्टर, बिल्ले, टीशर्ट यांवर आहे. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही, त्यामुळे नवख्याला याची चिंता करायचं कारण नाही. काही आयोजक नोंदणी नसल्याचं लेखी मागतात, ते द्या. दुसऱ्या राज्यात जाऊन करपात्र वस्तू विकणार असाल तर कर सल्लागाराला आधी विचारा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, टेबलावर विकायला लागत नाही. पुढे ग्रंथालयांत, दुकानांत जायचं असेल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो.

दुसऱ्याच्या पात्रांची चित्रं विकू नका. प्रसिद्ध परदेशी नायकांची पोस्टरं भराभर खपतात, पण ती पात्रं कुणाच्या तरी मालकीची आहेत, आणि त्यासाठी आलेला माणूस तुमची गोष्ट वाचत नाही. मराठी कवितेच्या ओळी कॉमिकमध्ये घेत असाल तर आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. तुकोबांचे अभंग आणि केशवसुतांच्या कविता मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांच्या ओळींना २०५९ संपेपर्यंत परवानगी लागणार.

त्या दिवशी

आदल्या रात्री पिशवी भरून दाराशी ठेवा: कॉमिक, वाचायच्या प्रती, कापड, स्टँड, पाट्या, क्यूआर, सुट्टे पैसे, कात्री, चिकटपट्टी, क्लिपा, जाड मार्कर, सहीचं पेन, पॉवर बँक, वही, पाण्याची बाटली, डबा, ओला नॅपकिन. तेलकट बोटांनी कॉमिक धरायचं नाही, म्हणून वडापाव टेबलामागे नको, बाहेर जाऊन खा. घरी जेवणाच्या टेबलावर एकदा पूर्ण मांडून फोटो काढून ठेवा, सकाळी घाईत तोच फोटो बघून दहा मिनिटांत मांडता येतं.

पोचल्यावर आधी शेजाऱ्यांशी ओळख करून घ्या. दिवसभरात एकमेकांची टेबलं सांभाळायची असतात.

वहीत प्रत्येक विक्री त्या त्या तासाखाली उभ्या रेघेने नोंदवा, रोख की यूपीआय तेही. शिवाय लोकांनी विचारलेलं लिहून ठेवा: "हिंदीत आहे का?", "दुसरा भाग कधी?", "ही म्हातारी खरी आहे का?" एकच प्रश्न पाच-सहा वेळा आला तर त्याचं उत्तर पाटीवर लिहा. उचलून परत ठेवलेल्या प्रतींकडेही लक्ष असू द्या. कव्हर बघून उचलतात आणि दुसऱ्या पृष्ठावर ठेवून देतात, तर सुरुवातीवर काम करायला हवं. उचलतच नाहीत, तर कव्हरवर.

दुपारी दोन ते चार बहुतेक ठिकाणी शुकशुकाट असतो. त्यावेळी सोबत्याला टेबलावर बसवून बाकीची टेबलं फिरा आणि दोन तरी कॉमिक विकत घ्या. संध्याकाळी आवरताना अदलाबदल करा, तुमचं एक द्या, त्यांचं एक घ्या. स्वतंत्र कॉमिकचं जग असंच वाढलंय. टोकियोतला कॉमिकेट हा आज लाखोंचा मेळा १९७५ साली अवघ्या ३२ गटांनी सुरू केला होता. नाशिक, कोल्हापूर, नागपूर, सोलापुरात असा मेळा नसेल तर सार्वजनिक वाचनालयाचं सभागृह एका रविवारी मागून आठ-दहा टेबलं लावायला काय हरकत आहे?

नंतर

घरी आल्यावर त्याच रात्री हिशोब मांडा, सकाळपर्यंत अर्धं विसरायला होतं. किती प्रती नेल्या, किती उरल्या, किती भेट दिल्या, हातात किती आले. उरलेल्या प्रती सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा. ज्यांनी स्वतःहून संपर्क दिला असेल त्यांना आठवड्याभरात एक संदेश पाठवा, वाचून काय वाटलं ते विचारा. पुढचं कॉमिक येईल तेव्हा दुसरा. याहून जास्त नको.

पुन्हा छापायचं की नाही, ते वहीतल्या नोंदी बघून ठरवा. शंभरातल्या वीसच उरल्या असतील आणि पुढचं संमेलन दोन महिन्यांवर असेल, तर लगेच ५० प्रतींची ऑर्डर द्या, आणि देण्याआधी टेबलापाशी दाखवल्या गेलेल्या सगळ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका फाइलमध्ये दुरुस्त करा. साठ उरल्या असतील तर छापू नका. त्याच प्रती वेगळ्या जागी न्या: झीन फेस्टला न खपलेलं मराठी कॉमिक दिवाळी अंकांच्या प्रदर्शनात खपू शकतं. दरम्यान दुसरी गोष्ट काढायला घ्या. टेबलावर दोन कॉमिक असली की पहिलं आवडलेला वाचक परत आल्यावर त्याला देण्यासारखं काहीतरी असतं.